कानोशाला सापडलेला हात

मिरजेच्या माणसाला कानाबद्दल कुणी काही शिकवायला जाऊ नये. इथला चहावालासुद्धा समोरच्या दुकानात पंचम उतरलेला ऐकला की किटली खाली ठेवून तोंड वाकडं करतो. त्यामुळे २०३७च्या मार्चात 'कानोसा' नावाचं नवं सर्च इंजिन आलं आणि 'हे वाचत नाही, ऐकतं' अशी त्याची जाहिरात झाली, तेव्हा तंतुवाद्यांच्या गल्लीत लोक एवढंच म्हणाले, बघू किती ऐकतंय ते.

मग आठवडाभर गल्लीत दुसरं काही चाललंच नाही. आजवरच्या इंजिनांना शब्द द्यावे लागायचे, याला आवाज द्यायचा. फोन समोर धरायचा, आवाज ऐकवायचा, की जगात कुठे कुठे तसा आवाज नोंदला गेलाय ते शोधून तो सांगायचा. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने रिक्षाचं इंजिन ऐकवलं, तर तशाच खरखरणाऱ्या नऊशे रिक्षा आणि त्यांचं नेमकं काय बिघडलं होतं ते समोर आलं. कुणी कुकरची शिटी ऐकवली, तर रबर बदला म्हणाला. शेजारच्या सायराचाचींकडे त्यांच्या आईचा आवाज एका जुन्या कॅसेटमध्ये दोन वाक्यांपुरता होता. तो ऐकवल्यावर कानोशाने कुपवाडच्या कुणा अनोळखी माणसाच्या लग्नाच्या व्हिडिओतून, बँडच्या गोंगाटामागून, 'भाताला मीठ कमी आहे' एवढंच म्हणणारी त्यांची आई काढून दिली. बाईंना जाऊन बावीस वर्षं झाली होती. चाची ते वाक्य दिवसातून दहादा ऐकायच्या आणि प्रत्येक वेळी म्हणायच्या, बघा, लग्न दुसऱ्याचं आणि मिठाची काळजी हिला.

जिवंत माणसाचा आवाज त्याच्या परवानगीशिवाय शोधायचा नाही, असा कायदा कानोसा यायच्या आधीच झाला होता, म्हणून भानगडी फार झाल्या नाहीत. पण वाद्यांच्या आवाजाबद्दल कायद्यात चकार शब्द नव्हता. कोण कशाला लिहील? तंबोऱ्याचं गुपित असतं, हे मुंबईत बसून कायदा करणाऱ्यांना कुठून कळावं!

गुपित होतं ते 'गुलशन तंतुवाद्यालया'त. गल्लीच्या मधोमध दुकान, बाहेर गादी, आत जाणाऱ्या दारावर हिरवा पडदा. गादीवर बसायचे याकूब शिकलगार, वय त्रेसष्ट, पांढरी दाढी, मऊ बोलणं. भोपळा निवडण्यापासून दांडी जोडण्यापर्यंत तंबोऱ्याचं सगळं काम त्यांचं, आणि नाव मात्र झालं होतं ते जवारीसाठी, म्हणजे तारांखालची पट्टी घासून तंबोरा बोलता करण्यासाठी. देशभरातले गवई आपले तंबोरे घेऊन त्यांच्याकडे यायचे. टेंबेबाईंसारख्या मोठ्या गायिका तर जाताना त्यांचा उजवा हात आपल्या डोळ्यांना लावायच्या. राज्याचा हस्तकला सन्मान यंदा 'जवारीच्या कामासाठी' याकूबमियाँना जाहीर झाला होता. समारंभ महिन्यावर आला होता, आणि त्यांच्या मुलाने, इम्तियाजने, त्यासाठी नवी शेरवानीही शिवायला टाकली होती.

जवारी काढायची मात्र त्यांची बहीण, मेहरून. पडद्याच्या आत बसून. एक्केचाळीस वर्षं.

हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर उगाच याकूबमियाँना चोर ठरवून मोकळे व्हाल. त्यांचे वडील दस्तगीर, जवारीतले उस्ताद. त्यांनी मुलाला शिकवलं, पण मुलाचा हात जड. अठरा वर्षांची मेहरून एके दिवशी वडील जेवायला गेलेले बघून, भावाला लांब ऐकायला बसवून, कानस घेऊन बसली आणि एक तंबोरा करून टाकला. दस्तगीरमियाँनी तो ऐकला आणि भिंतीला लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी एक बुवा आले, तंबोरा छेडला आणि म्हणाले, उस्ताद, आयुष्यातली सगळ्यात चांगली जवारी काढलीत. उस्तादांनी सांगितलं, मी नाही, पोराने काढली. का? तर बाईच्या हातात आपला तंबोरा कुठलाही बुवा देणार नाही, आणि गेलं गिऱ्हाईक परत येत नाही. पुढे मेहरूनचं लग्न झालं, तेही मिरजेतच, त्यामुळे पडद्याआडचं काम सुटलं नाही. सहा वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परतली. वडीलही गेले. खोटं मात्र तसंच राहिलं, घरातल्या जुन्या पलंगासारखं. कुणी आणलं विचारायचं नाही, झोपायचं.

या घराची कामाची एक रीत होती, आजोबांपासूनची. घासणाऱ्याने थांबायचं ठरवायचं नाही, लांब बसून ऐकणाऱ्याने ठरवायचं. कारण घासणाऱ्याच्या कानात कानशीचा आवाज भरलेला असतो, आणि घोडीजवळ, म्हणजे तारांखालच्या पट्टीजवळ, तोंड घालून बसलेल्याला तार ऐकू येते, तंबोरा ऐकू येत नाही. म्हणून मेहरून आत घासायची, तार छेडायची, आणि याकूबमियाँ बाहेर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ऐकायचे. आता बोलून तर सांगता येत नाही. मग ते खोकायचे. एकदा खोकले की अजून घास, दोनदा खोकले की बास. गिऱ्हाइकांना वाटायचं, लाकडाच्या भुशाने बिचाऱ्यांची छाती गेली. कुणी मध आणून द्यायचं, कुणी ज्येष्ठमध. एका डॉक्टर गायकाने तर त्यांना हाताला धरून छातीचा फोटो काढायला नेलं होतं. छाती एकदम स्वच्छ निघाली, आणि डॉक्टर आठ दिवस चक्रावून होते.

तर अशा या दुकानात, एप्रिलमधल्या एका सकाळी, इम्तियाजने चार शेजाऱ्यांसमोर नवा तंबोरा छेडला आणि कानोशाला ऐकवला.

इथे थोडं विज्ञान ऐकून घ्या, कंटाळवाणं नाही. तार छेडली की ती एकच स्वर देत नाही. त्या एका स्वराच्या पोटात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगाने थरथरणारे स्वर असतात. इतर वाद्यांत ते जन्मतात आणि विरत जातात. तंबोऱ्याची गंमत त्याच्या घोडीत असते, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीत. तिचा माथा धारदार नसतो, किंचित उतरता असतो, आणि थरथरणारी तार त्या उतारावर हलकेच टेकत राहते. त्यामुळे खालच्या स्वरातली शक्ती वरच्या स्वरांत चढते, आणि छेडून झाल्यावरही एकेक स्वर उमलत येतो. कुणी न लावलेला गंधार ऐकू येतो तो असा. हा उतार कानशीने घासून काढायचा म्हणजे जवारी. आता दोन माणसांचे हात काही सारखे चालत नाहीत. कुणी ओढताना दाबतो, कुणी ढकलताना, कुणाचा उतार कणभर डावीकडे कलतो. कुठला स्वर आधी उमलला, किती टिकला, कोणामागून मावळला, यात घासणाऱ्याची सवय उमटते, तारा बदलल्या तरी उमटते. कानोशाने लाखो ध्वनिमुद्रणं ऐकून या सवयी वेगळ्या केल्या होत्या. नावं ठाऊक नव्हती म्हणून त्यांना नंबर दिले होते.

इम्तियाजच्या फोनवर उत्तर आलं आणि त्याने मोठ्याने वाचलं: "जवारी, हात क्रमांक सात. नाव नोंदलेलं नाही. याच हाताची सहा हजार आठशे बारा ध्वनिमुद्रणं सापडली."

गल्लीने याकूबमियाँना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. कुणी पेढे आणले. समोरचा चहावाला म्हणाला, सात कसला, एक नंबर. याकूबमियाँ हसत होते, पण पेढा त्यांनी हातातच धरून ठेवला होता, कारण उत्तराच्या खाली आणखी दोन ओळी होत्या. हात आपला असेल तर नाव नोंदवा, आमचा माणूस येईल, त्याच्यासमोर एक जवारी काढून दाखवा. आणि गल्ली आता नाव नोंदवल्याशिवाय सोडणार नव्हती.

पडद्याआड मेहरून मांडीवरचा भुसा झटकायचीही विसरली होती. दुपारी दुकान झाकल्यावर तिने इम्तियाजचा फोन मागून घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. नव्या इंजिनाबद्दल पेपरात लोकांनी काय काय लिहिलं होतं, क्रांती म्हणे, संकट म्हणे. मेहरूनला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की हा मुका ऐकणारा आपल्याला ओळखतो. तिने पहिलं ध्वनिमुद्रण लावलं. टेंबेबाईंची सकाळची मैफल, पुण्यातली. गाणं सुरू व्हायच्या आधीचं ते अर्धं मिनिट, नुसता तंबोरा. मग लंडनमधली एक सभा. मग नागपूरच्या शाळेतली प्रार्थना, पोरं बेसूर आणि मागे तंबोरा चोख. एका दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायकांना ऐकवायची ध्वनिफीत. कुणीतरी आपल्या म्हाताऱ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात उशाशी लावलेला तंबोरा. जपानमधल्या कुणा मुलाने नुसता तंबोरा तासभर वाजवून ठेवला होता आणि तो तीन लाख लोकांनी ऐकला होता. ती मिरजेच्या पलीकडे कुरुंदवाडला गेली होती, फार तर एकदा सोलापूरला. तिचा हात मात्र सगळीकडे जाऊन आला होता.

तिला रडू आलं नाही. तिला अभिमान वाटला, सरळ, उघडा, छाती भरून येणारा, आणि त्याच्या पाठोपाठ हाव सुटली. त्या सातच्या जागी आपलं नाव पाहिजे. साठाव्या वर्षी लाज वाटावी इतकं पाहिजे. एक्केचाळीस वर्षांत तिने ही इच्छा कधी केली नव्हती, कारण जी वस्तू बाजारात मिळतच नाही तिची हौस कोण करतो? आता ती समोर होती, आणि मध्ये भाऊ उभा होता, त्याची शेरवानी शिंप्याकडे होती.

इम्तियाज अब्बांपेक्षा हुशार, निदान त्याचा तसा समज होता. त्याने तोड काढली. फुफीने, म्हणजे आत्याने, हात थोडाथोडा अब्बांसारखा जड करत आठ-दहा तंबोरे करायचे, त्यांची ध्वनिमुद्रणं कानोशावर घालायची. मग अब्बांनी समोर बसून जवारी काढली तर ती त्या नव्या तंबोऱ्यांशी जुळेल, आणि इंजिन म्हणेल, वयाने हात बदललाय, माणूस तोच. मेहरून हो म्हणाली. भावासाठी ती यापूर्वीही हो म्हणालीच होती.

पण चांगलं काम बिघडवणं किती अवघड असतं, हे चांगलं काम न करणाऱ्याला कळत नाही. मेहरूनने जाड कानस घेतली, ढकलताना दाब दिला, उतार मुद्दाम आखूड ठेवला. चार दिवस, चार तंबोरे. ती बिघडवायला बसायची आणि उठेपर्यंत तंबोरा बोलायला लागलेला असायचा. आणि याकूबमियाँ? बाहेर बसून बेसूर होईपर्यंत चालू द्यायचं सोडून, नेमक्या जागी त्यांचा दोनदा खोकला निघायचा. इम्तियाज वैतागून म्हणाला, अब्बा, गप्प बसा की. ते म्हणाले, बसवत नाही रे. चौथा तंबोरा कानोशाला ऐकवला तर उत्तर आलं: हात क्रमांक सात, खात्री सत्त्याण्णव टक्के. मेहरून पदर तोंडाला लावून हसली. तिला वाईट वाटायला हवं होतं, हे तिला कळत होतं.

त्या संध्याकाळी याकूबमियाँ पडदा बाजूला करून आत आले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. सन्मान नाकारतो म्हणाले. मेहरूनने नाही म्हटलं, लोक थुंकतील तुमच्यावर, या वयात. ते भुशात बोट फिरवू लागले.

"लोक माझा हात डोळ्यांना लावतात, मेहरू," ते म्हणाले. "रात्री तो हात उशीखाली घालून झोपायची लाज वाटते मला. मी काय करतो? मी खोकतो."

एवढ्या वर्षांत तिने आपल्या नावाचा विचार टाळला होता, पण भावाला हे आतून पोखरत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं की काहीच करायचं नाही. कानोशाला कळवायचं, मनगट दुखावलंय, जवारी काढून दाखवता येणार नाही. सात नंबर बिननावाचा राहील, सन्मान होऊन जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मेहरूनने मान डोलावली आणि त्या दिवशी जेवली नाही.

पण ज्यांनी ऐकायचं यंत्र बनवलं ते कळवलेलं ऐकून गप्प बसणारे थोडेच! आठ दिवसांनी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि तीस-बत्तीस वर्षांची एक मुलगी खांद्याला तंबोरा लावून उतरली. ऋजुता खर्शीकर, कानोशाच्या पुण्यातल्या चमूतली. वाद्यांचं काम तिच्याकडे होतं, हातांना नंबर तिनेच दिले होते. याकूबमियाँनी घाईघाईने मनगटाला पट्टी गुंडाळली. ऋजुताने तपासणीचं नावही काढलं नाही. ती म्हणाली, काका, मी कामाला नाही आले. हा माझ्या आजीचा तंबोरा, बोलायचा बंद झालाय. हात सात नुसता आकडा म्हणून तीन वर्षं ऐकतेय, एकदा आपला तंबोरा त्या हाताखालून जावा अशी इच्छा आहे. आज संध्याकाळच्या गाडीने परत जायचंय, बसते मी इथे.

आता आली का पंचाईत! हात दुखतोय म्हणून सांगून बसलेला माणूस जवारी काढणार कसा? आणि आजीचा तंबोरा घेऊन आलेल्या पोरीला परत पाठवण्याची या दुकानात रीत नव्हती. याकूबमियाँ म्हणून गेले, इम्तियाज करेल. इम्तियाजला कानस कुठल्या बाजूने धरतात हेही नीट ठाऊक नव्हतं. तो तंबोरा घेऊन पडद्याआड गेला, फुफीच्या पुढ्यात ठेवला आणि कपाळाला हात लावला.

मेहरूनने तंबोरा मांडीवर घेतला. शंभर वर्षांचा भोपळा, कुणी वेड्याने घोडीवर वाटेल तसा काचकागद फिरवलेला. तिला वाद्याची दया आली. तिने तारा सैल केल्या आणि कामाला लागली. बाहेर याकूबमियाँ गिऱ्हाइकाला चहा देत होते, पाऊसपाण्याचं बोलत होते आणि खोकत होते. ऋजुता चहा पीत होती आणि हळूहळू प्यायची थांबली. तीन वर्षं दिवसाचे दहा तास जिने नुसतं ऐकण्यात घालवले, तिला त्या खोकल्याचा हिशेब कळायला अर्धा तास पुष्कळ झाला. एकदा खोकले की आत घासणं सुरू होतं. दोनदा खोकले आणि आत सगळं थांबलं.

मग आतून चारही तारा एकामागून एक छेडल्या गेल्या, आणि गंधार वर आला. ऋजुताच्या मांडीवरचा फोन आपोआप उजळला. हात क्रमांक सात, खात्री नव्याण्णव टक्के.

याकूबमियाँ पट्टी बांधून तिच्यासमोर बसले होते. इम्तियाज काहीतरी आणायच्या निमित्ताने कधीचा बाहेर येऊन दारात उभा होता. आत कोण आहे, हे कुणी विचारलं नाही. दुकानात तिघंजण पडद्याकडे बघत राहिले.

मेहरूनला ती शांतता आतून ऐकू आली. तिला कळलं की आता गप्प बसलं तर ही मुलगी काही न विचारता निघून जाईल, तशीच दिसत होती ती. आणि सातचं सातच राहील. तिने आपल्या अब्बांचा, दस्तगीरमियाँचा, विचार केला, भावाचा केला, आणि शेवटी जपानमधल्या त्या मुलाचा केला, ज्याने तासभर तिचा हात ऐकला होता आणि ज्याला तो कुणाचा ते ठाऊक नव्हतं. ती उठली, पदर डोक्यावर नीट घेतला, पडदा सरकवला आणि तंबोरा घेऊन बाहेर आली.

"हात माझा आहे," ती म्हणाली. "मेहरून दस्तगीर शिकलगार. शहाण्णव सालापासून."

याकूबमियाँनी मनगटाची पट्टी सोडवून टाकली. जरा वेळाने त्यांचा चेहरा असा दिसला, जसा ओझं उतरवल्यावर हमालाचा दिसतो. ते ऋजुताला म्हणाले, लिहून घ्या बेटा, नाव लिहून घ्या, सगळं तिचंच आहे. मी सन्मानवाल्यांनाही कळवतो. आणि उठून असरच्या, उन्हं कलतानाच्या, नमाजाला निघून गेले, कारण डोळे पुसायला मशिदीशिवाय दुसरी जागा नव्हती.

ऋजुताने मेहरूनच्या पाया पडायला वाकून तिला चांगलंच संकटात टाकलं. मग तिने फॉर्म उघडला, नाव विचारलं, आणि नियमाप्रमाणे समोर एक जवारी काढून दाखवायला सांगितलं, मावशी, नुसता उपचार आहे. मेहरून पहिल्यांदाच गादीवर बसली, उजेडात, रस्त्यावरून जाणारा कुणीही बघेल अशी. दुसरा एक तंबोरा घेतला आणि मन लावून घासला. इतकं मन लावून तिने कधी घासलं नसेल. तारा छेडल्या. तिला स्वतःला तो सुंदर वाटला.

कानोसा म्हणाला, हात क्रमांक सात, शक्यता अठ्ठावन्न टक्के.

ऋजुता गोंधळली. फोन पुसला, पुन्हा ऐकवलं. एकोणसाठ. माईक बदलला, अठ्ठावन्न. तिने मेहरूनकडे पाहिलं तेव्हा तिच्या नजरेत शंका होती. एक्केचाळीस वर्षांनी नाव सांगितलं आणि तेही खोटं ठरतंय की काय!

तेवढ्यात याकूबमियाँ परतले. चप्पल काढता काढता त्यांनी तंबोरा ऐकला आणि रस्त्यावरूनच म्हणाले, "मेहरू, थांबायचं कुठे ते विसरलीस काय? खर्जावर अजून दोन हात."

खोकले नाहीत. बोलले. आपण बोललो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मेहरूनने खर्जाच्या तारेखाली दोन हात मारले, छेडलं. ते डोळे मिटून, पायरीवर उभे राहून ऐकत होते. अर्धा, म्हणाले. तिने अर्धा मारला. बास, म्हणाले. तिने चारही तारा छेडल्या.

नव्याण्णव टक्के.

ऋजुता धपकन गादीवर बसली. तीन वर्षांत तिच्या डोक्यात न शिरलेली गोष्ट तिच्या समोर पायरीवर उभी होती. यंत्राने हात म्हणून जे ओळखलं होतं, त्यात कानस कशी चालली हे होतंच, पण ती नेमकी कुठे थांबली हेही होतं, आणि थांबवणारा हात नव्हता. यंत्राने दोन माणसं ऐकली होती आणि एकच नंबर दिला होता. ती याकूबमियाँना हे समजावून सांगायला लागली, तर त्यांना आधी काही कळेना. मग कळलं, पण पटेना.

मेहरूनला मात्र आधी कळलं. ती उठली आणि भावाचा हात हातात घेतला, तोच उजवा, ज्याची त्यांना लाज वाटायची.

"ऐकलंत ना भाईजान?" ती म्हणाली. "तुम्ही नसलात तर मी अठ्ठावन्न टक्के. एक्केचाळीस वर्षं तुम्ही खोकत नव्हता, जवारी काढत होता."

त्रेसष्ट वर्षांचा माणूस भरदिवसा, उघड्या दुकानात, गल्लीदेखत रडला आणि कुणी त्याला गप्प केलं नाही. चहावाल्याने किटली खाली ठेवली.

मग मेहरूनने ऋजुताला सांगितलं, माझं एकटीचं नाव लिहायचं नाही. ऋजुता म्हणाली, मावशी, फॉर्ममध्ये जागा एकच आहे, 'हात'. मेहरून म्हणाली, मग खाली दुसरी ओळ काढा आणि लिहा, 'कान'. एवढं मोठं ऐकायचं इंजिन बनवलंत आणि ऐकणाऱ्यालाच विसरलात? ऋजुता त्या संध्याकाळच्या गाडीने गेली नाही. इम्तियाजच्या टेबलावर बसून पुण्याशी भांडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओळ निघाली. सहा हजार आठशे बारा ध्वनिमुद्रणांखाली नावं आली. हात: मेहरून शिकलगार. कान: याकूब शिकलगार. गुलशन, मिरज.

ती ओळ मग सगळ्यांनाच खुली झाली, आणि कानोशाच्या लोकांना वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट भरली. तबल्याला शाई भरणारा एक, सुकताना टिचकी मारून सांगणारी त्याची बायको दुसरी. घंटा ओतणारा एक, आणि साचा फोडायच्या आधी नुसता ठोका ऐकणारा त्याचा म्हातारा सासरा. बासरीवाल्यांची, हार्मोनियम जुळवणाऱ्यांची, घुंगरूवाल्यांची. तीन महिन्यांत अकरा हजार नावं, जी कुठल्याच लेबलावर कधी नव्हती. टेंबेबाईंनी मिरजेला येऊन मेहरूनला शाल दिली, आणि याकूबमियाँवर रागावल्या, खोटं बोललात म्हणून नव्हे, तर इतकी वर्षं आपण फुकट ज्येष्ठमध आणत होतो म्हणून.

राहिला सन्मान. याकूबमियाँनी सगळं खरं लिहून पत्र पाठवलं होतं. समारंभाच्या चार दिवस आधी अधिकाऱ्यांचा फोन आला. माणूस भला होता, अडचणीत होता. म्हणाला, नियमात एकच नाव बसतं, तुम्ही दोघांनी आपसात ठरवून कळवा. याकूबमियाँ लगेच म्हणाले, तिचं घाला. मेहरूनने त्यांच्या हातातून फोन घेतला. हा सन्मान, तो मंच, टाळ्या, सगळं तिला पाहिजे होतं, आणि पाहिजे होतं हे सांगायची आता तिला लाजही वाटत नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "एकट्याने काढलेली जवारी आमच्या दुकानात अठ्ठावन्न टक्क्यांची होते, आणि अठ्ठावन्न टक्क्यांचा माल आम्ही विकत नाही. कानोशाच्या फॉर्ममध्येही एकाचीच जागा होती, त्यांनी दुसरी केली. तुमच्याकडे झाली की बोलवा, दोघं येऊ."

साहेब काहीतरी बोलत होते. तिने फोन भावाच्या हातात दिला, गादीवर बसली, आणि कोल्हापूरहून सकाळीच आलेला तंबोरा मांडीवर घेऊन त्याच्या तारा सैल करायला लागली.